हत्तीगोट्यावरची बत्ती

हत्तीगोटा हा खडक आमच्या तलावाच्या मधोमध आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हत्ती बसल्यासारखा दिसतो, पोरं त्याच्या पाठीवर चढतात. कार्तिकात तलाव भरलेला असतो तेव्हा तो वीतभर पाण्याखाली जातो. दिसत नाही. माणसं मारतो ती तेव्हाच.

तलाव आमच्या कोहळी जातीच्या बापजाद्यांनी बांधला. इकडच्या काठावर आमचा पळसटोला, पलीकडं हेटीटोला. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, आणि भाताच्या बांध्यांमधून फिरून गेलं तर सहा मैल. डोंग्यानं सरळ अर्धा तास. डोंगा म्हणजे एका झाडाचं खोड कोरून केलेली नाव. सात माणसं बसतात. आठवा बसला तर बाकीचे सात त्याला शिव्या देतात.

आमच्या गावच्या खुशालकाकाचा बाप याच गोट्यावर डोंगा उलटून गेला. काका तेव्हा लहान होता. मोठा झाल्यावर तो मुंबईकडं पळाला आणि फिरत फिरत कोकणात समुद्रावरच्या एका दीपगृहात कामाला लागला. अकरा वर्षं बत्ती सांभाळली. चोपन साली परत आला तेव्हा त्याच्याजवळ एक पेटी होती, एक खाकी कोट होता आणि सांगायला ही एवढीच गोष्ट होती.

गावानं त्याला सोडला नाही.

"काय गा खुशाल, अकरा वर्षं दिवाच लावला? आमची बुढी बी रोज तुळशीपाशी लावते. तिले कोनी पगार नाई देत."

"तिले कोट तरी द्या बापा!"

काका चिडायचा नाही. तो मास्तरासारखा समजावत बसायचा, आणि लोकांना तेच पाहिजे होतं. म्हणायचा, "तुमचा दिवा म्हनते, या. तो दिवा म्हनते, येऊ नोका. इथं गोटा हाय, दूर राहा. जहाजवाल्याले बत्ती दिसली का तो तोंड फिरवते."

"मंग आपल्या सरपंचाच्या दारात एक लावा. पाव्हने फिरून जातीन."

सरपंच म्हणजे माझे बाबा, भैयाजी. तेही हसले. बाबा हसले म्हणून काकाला वाटलं की जमलं. त्यानं तिथंच विचारून टाकलं, हत्तीगोट्यावर मनोरा बांधू का? पाळीचे पडलेले गोटे घेतो, मेहनत माझी.

बाबा म्हणाले, "बांध. पन ऐकून ठेव. दिवाळीनंतरच्या मंडईपासून महिनाभर पाहू. एक जरी डोंगा त्या गोट्याले लागला तं मनोरा पाडून सारे गोटे पाळीवर आनून टाकीन. मंग पुन्हा बत्तीचं नाव काढाचं नाई."

"नाई लागत जी," काका म्हणाला. "लागला तं मी सोताच पाडतो."

पंचावनच्या उन्हाळ्यात आम्ही बांधला. मी बावीस वर्षांचा होतो, रिकामा होतो, गोटे वाहिले. काठावर बसून लोक पाहायचे. हा आमच्या गावचा त्या सालचा तमाशा होता.

"गोल कायले बांधून राहिला बे? विहीर उलटी केली का?"

"चौकोनी भिंतीले लाट थापड मारते," काका खालून ओरडून सांगायचा. "गोल भिंतीवरून निसटून जाते. म्हनून बूड जाड, वर बारीक. झाडासारखं."

"आपल्या तलावाच्या लाटेनं बदक बी नाई हालत गा!"

"आन एवढा उंच?"

"दिवा जितका वर तितका दुरून दिसते. जमीन गोल हाय न."

हे ऐकून तर एक जण पाळीवर आडवाच पडला. दिवसभर गावात तेच. जमीन गोल हाय, तं पानी सांडत काऊन नाई? जमीन गोल हाय, तं भैयाजीचीच बांधी सपाट कशी?

काका बांधत राहिला. चौदा हात उंची. आत एक माणूस चढेल एवढी शिडी. वर चारी बाजूंनी उघडी खोली, बसलं तर गुडघे भिंतीला लागतात. दिवसाही दुरून ओळखू यावा म्हणून बाहेरून चुन्याचे आणि गेरूचे पट्टे. तिकडच्या दीपगृहात म्हणे बत्तीभोवती काचेच्या कड्या होत्या, एकीवर एक, माणसापेक्षा उंच. उजेड आभाळात वाया जाऊ नये, पायाशी सांडू नये, म्हणून त्या कड्या त्याला वळवून आडवा समुद्रावर सोडत. इथं काच कुठली? त्यानं माझ्या आईकडून पितळी परात मागून आणली, चिंचेनं घासली आणि कंदिलामागं उभी केली. खरं सांगतो, पहिल्यांदा लावून पाहिली तेव्हा माझं हसू थांबलं. उजेड पाण्यावरून सरळ पलीकडं गेला.

मग त्यानं कंदिलापुढं टिनाचं एक झाकण बसवलं, दोरी ओढली की वर जाणारं. दोनदा उघडायचं, मग चार मोजेपर्यंत बंद. पुन्हा दोनदा.

"हर बत्तीची आपली चाल राहाते," तो मला म्हणाला. "खलाशी चाल मोजते आन समजते, हे अमकी जागा. दुसऱ्या कोन्या उजेडाशी गल्लत होत नाई."

गल्लत झाली ती इथंच. पण ती माझ्यामुळं झाली.

दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, झुले, मिठाई. दिवस मावळला की दंडार, म्हणजे सोंगांचं नाचगाणं, किंवा नाटक. आमच्या मंडईला हेटीटोल्याचे लोक संध्याकाळी डोंग्यांनी येतात. त्या दिवशी आमच्या घाटावर बांबूला कंदील टांगतात. पलीकडचा डोंगेवाला त्या उजेडावर डोंग्याचं नाक धरतो आणि सरळ येतो. हत्तीगोटा त्याच्या उजव्या हाताला राहतो. आज्यापणज्यापासून हेच. उजेड दिसला की उजेडावर.

काकाला हे माहीत नव्हतं असं नाही. मंडईच्या आदल्या दिवशी सकाळीच तो आमच्या घरी आला.

"गोप्या, सायकल काढ. हेटीटोल्याले जाय. छोटेलालले सांगजो."

छोटेलाल हेटीटोल्याचा ढिवर. मासे धरायचा आणि डोंगा चालवायचा. त्याचा डोंगा पुढं, बाकीचे त्याच्या मागं.

"काय सांगू?"

"उद्या दोन उजेड दिसतीन. हालते तो मोठा, तो गोट्यावर हाय. त्याच्याकडं यायाचं नाई, त्याले उजव्या हाताले सोडाचं. थिर हाय तो लहान, तो घाटाचा. त्याच्यावर यायाचं. समजलं?"

"समजलं."

"त्याच्या तोंडून परत बोलून घेजो. हो हो म्हनते आन माणूस विसरते."

मी निघालो. पाळीवरून तीन मैल गेलो. तिथं तुडुमापाशी, म्हणजे तलावाचं पाणी बांध्यांना सोडायची जी जागा आहे तिथं, मोहाच्या झाडाखाली चार जण पत्ते खेळून राहिले होते. त्यांच्यात दवनीवाड्याचा उमराव होता, बहिणीकडं मंडईला आलेला. एक जण उठून गेला. उमराव म्हणाला, "ये गा गोपी, एक डाव."

एक डाव झाला. मग ऊन कललं. मी जिंकून राहिलो होतो.

संध्याकाळी घरी आलो तर काका ओट्यावर बसला होता.

"सांगतलं?"

"सांगतलं."

"बोलून देल्लन त्यानं?"

"हो गा. दोनदा."

दोनदा हे मी माझ्या मनानं जोडलं.

सकाळी उठून जाईन असं ठरवलं होतं. सकाळी मंडपाचे बांबू गाडायचे होते. मी विसरलो असं आता म्हणता आलं असतं, पण विसरलो नव्हतो. दुपारी एकदा स्वच्छ आठवलं. तेव्हा मी पान खात होतो. मनात म्हटलं, छोटेलालला काय डोळे नाहीत?

दिवस मावळला. घाटावर कंदील टांगला. तलावाच्या मधोमध काकानं बत्ती लावली. दोनदा उजेड, मग अंधार. घाटावर जमलेले लोक पाण्याच्या काठापर्यंत पुढं सरकले. सालभर हसलेले लोक. बाबासुद्धा म्हणाले, "च्या मायले, दिसते तं खरंच." मग मंडपात ढोलकी वाजली आणि सगळे तिकडं पळाले.

मी घाटावर थांबलो. 

हेटीटोल्याच्या काठावर काय झालं ते नंतर डोंग्यातल्या लोकांनी सांगितलं. त्यांनी पाहिलं, पाण्यावर एवढा मोठा उजेड. एक बाई म्हणाली, औंदा पळसटोल्यानं घाटावर गॅसबत्ती आणली. दुसरा म्हणाला, पण ही विझते-लागते कशी? छोटेलालची बायको जमुनाबाई हसून म्हणाली, "विझत नाई जी, लोक तिच्यापुढून येऊन-जाऊन राहिले. गर्दी पाहा किती हाय! चला लवकर, समोरची जागा नाई भेटाची."

आमचा लहान कंदील त्या उजेडापुढं कोणाला दिसलाच नाही.

छोटेलालनं नाक बत्तीवर धरलं.

मला डोंगा दिसत नव्हता. काकाचं ओरडणं ऐकू आलं. "फिरव! ए छोटेलाल, फिरव!" मागं मंडपात ढोलकी, झांजा, लोकांच्या शिट्ट्या. मला ऐकू आलं ते वारा माझ्याकडं होता म्हणून. डोंगा वाऱ्याच्या पलीकडं होता. बत्ती चालूच होती. दोनदा उजेड, मग अंधार. दोनदा उजेड. मग एक लाकडी आवाज आला, जात्याचं वरचं पाळू खाली पडल्यासारखा. मग बायकांचा.

मागचे दोन डोंगे तो आवाज ऐकून थांबले. सहा जणांनी मनोऱ्याच्या बुडाला धरलं. जाड बूड त्यांच्या कामी आलं. जमुनाबाईनं मंडईसाठी नवं नऊवारी लुगडं नेसलं होतं. ते पायात गुंडाळलं.

मागच्या डोंग्यांनी त्या सहा जणांना घाटावर आणलं, तेव्हा मी धावत मंडपात गेलो आणि बाबांच्या कानात सांगितलं. ते पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी एकदा स्टेजकडं पाहिलं, एकदा मागं.

"कोन गेलं?"

"छोटेलालची बाई."

"आपल्या गावचं कोनी?"

"नाही."

"मंग ओरडू नोको. दंडारवाले देवरीवरून आले हायत, चार गावं जमली हायत. सकाळी पाहू."

दंडार पहाटेपर्यंत चालली. मधे दोनदा राजाच्या सोंगाला वन्समोअर मिळाला. ओले सहा जण घाटावर शेकोटीपाशी बसून होते आणि ढोलकी ऐकत होते.

सकाळी तिला शोधायला जाळं टाकायचं होतं. दोन्ही गावांत सगळ्यात चांगलं जाळं टाकणारा छोटेलाल. लोकांनी त्यालाच टाकायला लावलं. कोणी म्हणालं नाही की दुसऱ्याला बोलवा. तिसऱ्या वेळी जाळं जड लागलं. तो आम्हाला म्हणाला, "हात लावा जी कोनी." मी लावला.

त्याच दुपारी पंचायत बसली. प्रश्न जमुनाबाईचा नव्हता. प्रश्न मनोऱ्याचा होता. पहिल्याच दिवशी डोंगा लागला होता. आठ-दहा जण पहारी घेऊनच आले होते.

काका खाकी कोट घालून उभा होता. तोंड राखेसारखं. म्हणाला, "बत्तीनं आपलं काम केलं जी. त्याले निरोप देल्ला होता."

छोटेलाल खाली बसला होता. त्यानं मान वर केली. "कोनता निरोप?"

"गोपीचंदच्या हातानं. दोन उजेड दिसतीन म्हनून."

"माह्याकडं कोनी नाई आलं जी."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. काकानं विचारलं, "गोप्या, सांगतलं होतं का नाही?"

नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? मला शिव्या बसल्या असत्या. बाबांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या. लग्न जुळून राहिलं होतं, ते मोडलं असतं कदाचित. एवढंच.

"सांगतलं होतं," मी म्हणालो. "दोनदा बोलून घेतलं."

छोटेलाल माझ्याकडं पाहत राहिला. रागानं नाही. त्याला समजतच नव्हतं.

बाबांनी विचारलं, "छोटेलाल, काल घेतली होती का?"

"काय जी?"

"मोहाची, दुसरं काय! मंडईच्या दिवशी ढिवर कोरडा राहाते का?"

लोक हसले. तिला जाळून चार तास झाले नव्हते.

"एक कप घेतला होता जी. थंडी होती."

"एक कप तो म्हनते," कोणीतरी मागून बोललं, "म्हंजे बाल्टी."

झालं. निरोप विसरला, दारू पिऊन डोंगा चालवला, बायको मारली. त्याचा डोंगा काढून दुसऱ्याला दिला. सालभर तलावात जाळं टाकायचं नाही असंही ठरलं. मनोरा राहिला. पहारी आणणारे पहारी घेऊन परत गेले आणि जाताजाता एक जण काकाला म्हणाला, "वाचला बावा तुहा पोरगा." पोरगा म्हणजे मनोरा.

नंतर एकही डोंगा गोट्याला लागला नाही. आजपर्यंत नाही. निरोप आता तान्ह्या पोरालाही पाठ आहे, हालते तो उजव्या हाताले. हे खरं आहे आणि ते लपवायचं मला काही कारण नाही. बत्ती चांगली आहे.

पुढच्या उन्हाळ्यात मला राहवेना. मी सकाळी मनोऱ्यावर चढलो. काका परात घासून राहिला होता.

"काका, मी गेलोच नव्हतो."

तो घासत राहिला.

"मी छोटेलालकडं गेलोच नव्हतो. तुडुमापाशी पत्ते खेळत बसलो."

"माहीत हाय."

"कोनं सांगतलं?"

"उमरावनं. मंडईच्या सकाळीच. म्हने, तुमच्या गोपीनं काल आमची जिरवली."

मला आधी समजलं नाही. मग समजलं.

"मंडईच्या सकाळी? मंग तू सोता काऊन नाही गेला?"

"टाइम होता जायाले," तो म्हणाला. "पन वाटलं, बत्ती एवढी साफ हाय, पाहून समजतीनच. समजलेच पाहिजे. निरोप लागला तं मंग बत्ती कायची?" त्यानं परात उन्हात धरून पाहिली. "डोंगा येताना दिसला मले. एक फूक मारली असती तं अंधार झाला असता, तो थांबला असता. माह्या हातात होतं."

"मंग?"

"अकरा वर्षांत एकच शिकलो. दिवस निघेपर्यंत बत्ती विझवाची नाई."

मी म्हटलं, "पंचायतीत सांगू आपण. दोघं मिळून."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "सांग. मंग उद्या ते पहारी घेऊन येतीन. मनोरा पडल. येत्या कार्तिकात कोनीतरी मरल. त्याच्या घरी निरोप द्यायाले तू जाजो, जाशीन न?"

त्यानं चिंचेचा गोळा माझ्या हातात दिला. मी दुसरी बाजू घासली.

अजून दोन वर्षं गेली. माझं लग्न झालं, बाबांच्या जागी मी पंचायतीत गेलो. छोटेलाल आमच्याकडच्या गोरेगावात राहायला गेला होता. तिथं तांदळाच्या गिरणीत पोती उचलायचा. मागच्या पौषात बाजाराच्या दिवशी मला दिसला, गिरणीच्या भिंतीला टेकून बिडी ओढत. केस पांढरे झाले होते. त्याचं वय माझ्यापेक्षा दहानं जास्त असेल, बस.

मी आज सांगायचंच ठरवलं. सायकल उभी केली. 

"छोटेलाल, ओळखलं का?"

"गोपीभाऊ! काऊन नाई ओळखत?" तो उठला. त्यानं बिडी पाठीमागं लपवली. "बरं झालं भेटले. मलेच यायाचं होतं तुमच्याकडं. पाय नाई उचलत."

"माह्याकडं? कायले?"

"माफी मांगाले जी."

तो भिंतीपासून दूर होऊन माझ्याजवळ आला.

"मी तुमाले भर पंचायतीत खोटं पाडलं. कोनी आलं नाई म्हनलो. मंग तीन वर्षं रोज तेच आठवून पाहिलं. रोज. आता आठवते मले सारं. तुमी आलते. सायकल बाभळीले टेकवली होती. पांढरा सदरा होता तुमच्या अंगात. मी जाळं विणून राहिलो होतो, हो हो म्हनलो, ध्यानच नाई देल्लं." तो हसला, लाजल्यासारखा. "जमुनानं तुमाले गुळपानी देल्लं होतं. आठवते का जी तुमाले? तुमी म्हनले, गूळ चांगला हाय."

तो माझ्या तोंडाकडं पाहत होता. त्याला फक्त एवढंच पाहिजे होतं, की मी हो म्हणावं.

"हो," मी म्हणालो. "चांगला होता गूळ."

"हे पाहा!" तो म्हणाला. त्याचे डोळे भरले. शेजारी पोत्यावर बसलेल्या हमालाकडं वळून त्यानं त्याला हलवलं. "सांगत होतो न मी तुले? आलते. तिनं गुळपानी देल्लं होतं."